उजव्या दारावरची फुली

१

अरुण मोडकांनी आयुष्यात पहिल्यांदा हौसेपोटी घेतलेली वस्तू आठव्या दिवशी निळा धूर ओकू लागली.

वस्तू म्हणजे गाडी. पांढरी, दोन दारांची, जपानमध्ये वापरून शारजात विकायला आलेली स्पोर्ट्स कार. मोडकांचा वेदांग इंजिनियर झाला, दुबईत नोकरीला लागला, आणि वीस वर्षं साध्या सेडानवर काढलेल्या बापाचं मन दसऱ्याच्या तोंडावर अचानक उदार झालं. किंमत बेचाळीस हजार दिरहॅम. हा आकडा सांगून मोडक थांबत नसत, लगेच "म्हणजे जवळजवळ पाच लाख रुपये" असं जोडून टाकत. आता त्या पाच लाखांचा धूर होत होता, आणि मोडकांचा चेहरा बघवत नव्हता.

दसऱ्यानंतर दोन आठवड्यांनी, बुधवारी संध्याकाळी, शारजातल्या अल मजाजमधल्या त्यांच्या टॉवरच्या पार्किंगमध्ये त्यांचे जुने मित्र शैलेंद्र आगटे त्या गाडीभोवती फिरत होते. आगटे सर्व्हेयर. बंदरात माल उतरला आणि त्यात काही फुटलं, भिजलं किंवा गायब झालं, की विमा कंपन्या त्यांना बोलावत. गल्फमधली पंचवीस वर्षं परक्यांची नुकसानं तपासण्यात गेल्याने त्यांना एक वाईट खोड लागली होती. 'माझं काही चुकलं नाही' असं कुणी म्हणालं, की ते आधी त्याच्यावरच संशय घेत. घरी बायकोने या खोडीपुढे कधीच हात टेकले होते.

त्यांनी बॉनेट उघडलं. आत इंजिनमागच्या पत्र्यावर गाडीचा नंबर कोरलेला होता आणि कागदांवरच्या नंबराशी जुळत होता. त्याच्या आजूबाजूला वेल्डिंगच्या रेघा आणि ताजा रंग होता. ते साहजिकच होतं. जपानी गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे असतं, इथे डावीकडे लागतं. ते हलवताना हा पत्रा कापावाच लागतो. मीटर एक्केचाळीस हजार किलोमीटर दाखवत होता, आणि इंजिन मात्र दोन लाख झाल्यासारखं कण्हत होतं. आगटेंनी स्टिअरिंगकडचं दार उघडलं, तर ते हातात बोटभर खाली आलं. लावताना उचलून लावावं लागलं.

"अंकल, इट्स अ स्कॅम," वेदांग म्हणाला. "दे स्वॅप्ड द इंजिन. चेकरने क्लीन साइन केलं. सिंपल."

"विष्णू सुतार नावाचा पोरगा गाड्या तपासतो त्यांच्या यार्डवर," मोडक म्हणाले. "आपलाच, कोल्हापूरकडचा. मी लेखी कंप्लेंट टाकलीये. त्याचा व्हिसा कॅन्सल करून शनिवारच्या फ्लाइटने घरी पाठवतायत. पण कंपनी म्हणते, माणूस काढू, गाडी परत घेणार नाही. तू एक कडक रिपोर्ट दे, शैलेंद्र, म्हणजे घेतील."

उर्मिलावहिनी चहाचा थर्मास घेऊन खाली आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, दसऱ्याला आम्ही डिलिव्हरी घेतली ना, तेव्हा पूजेचा नारळ त्यानेच वाढवून दिला. चोर नाही वाटला मला."

"चोर काय कपाळावर पाटी लावून फिरतो?" मोडक म्हणाले.

आगटे चहा पिऊन निघाले. रस्त्यापलीकडे त्यांची स्वतःची गाडी उभी होती, आणि तिला टेकून एक सडपातळ तरुण त्यांची वाट पाहत उभा होता.

२

"साहेब, मी विष्णू सुतार," तो म्हणाला. "तुम्ही रिपोर्ट लिहिणार असं ऑफिसात ऐकलं."

आगटेंनी आधी त्याचे हात पाहिले. नखांत ग्रीस होतं. म्हणजे काम करणारा होता, पण काम तर चोरही करतात.

"गाडी मी बघितली तवा अशी नव्हती, साहेब," विष्णू म्हणाला. "दोनदा तपासली. एकदा जहाजावरनं आली तवा, एकदा स्टिअरिंग बदलून आली तवा. इंजिन घड्याळासारखं चालत होतं. फॉल्ट तीन होते, तिन्ही कागदावर लिहिलेत."

"मग आठ दिवसांत तिचं वाटोळं कसं झालं?"

"ते मला ठाऊक असतं तर तुमच्याकडं आलो असतो का?"

उत्तर जरा जास्तच तयार होतं, असं आगटेंना वाटलं. त्यांनी विचारलं, "किती दिवस झाले इथे येऊन?"

"सहा महिने. कोल्हापुरात गॅरेजला होतो." विष्णूने नखातलं ग्रीस खरवडलं. "व्हिसा गेला तर जाऊ दे, साहेब. पण कंपनीतल्या एकानं गावी कळवलं, की विष्णूनं पार्ट चोरले म्हणून. माझे वडील सुतारकाम करतात. लोक घराच्या किल्ल्या त्यांच्या हातात देऊन शेताला जातात. परवापास्नं ते माझा फोन घेईनात. आई म्हणते, ते म्हणतात, आधी खरं काय ते सांग, मग बोल. आता खरं तेच सांगतोय, तर ते खरं कसं करून दाखवू?"

आगटेंना त्याची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचा रागही आला. दयेच्या भरात त्यांनी एकदा चुकीचा रिपोर्ट लिहिला होता आणि तो अजून त्यांना टोचत होता.

"शनिवारी किती वाजता विमान?"

"रात्री आठला."

"मग दोन दिवस आहेत," आगटे म्हणाले. "तू खोटं बोलत असशील तर तेही मी लिहीन."

३

गुरुवारी सकाळी ते यार्डवर गेले. काटेरी कुंपणाच्या आत पन्नासेक जपानी गाड्या उन्हात तापत उभ्या होत्या. मॅनेजर जहूर यांनी दोन्ही हात पुढे करून त्यांचं स्वागत केलं. पोट मोठं, मोबाइल दोन, आणि बोलणं लोण्यासारखं मऊ. अशा माणसांचा आगटेंना सगळ्यात आधी संशय येई.

"आइए हबीबी, बैठिए. मोडक साहब के साथ बहुत बुरा हुआ. मगर कंपनी क्या करे? शेठ का कहना है, जिसने साइन किया वो जाएगा. खलास."

"कागद दाखवा."

जहूरनी दोन कागद काढले. दोन्हींवर वरून पाहिलेल्या गाडीचं छापील चित्र होतं, नाक वरच्या बाजूला. फॉल्ट सापडेल तिथे चेकरने लाल फुली मारायची आणि शेजारी लिहायचं, अशी इथली पद्धत. पहिला कागद जहाजावरून उतरल्याचा, दुसरा स्टिअरिंग बदलून आल्याचा. दोन्हींवर तीन-तीन फुल्या होत्या. मागच्या बंपरवर ओरखडा, पुढच्या काचेला खड्याचा टवका, आणि 'दार बसलेलं'.

"अब ये देखो आपका होशियार आदमी," जहूर हसत म्हणाले. "गाड़ी आपने देखी है. दरवाज़ा कौन सा बैठा हुआ है?"

"डावं. स्टिअरिंगकडचं."

"और इसने क्रॉस कहाँ मारा? राइट पे. एक बार नहीं, दोनों बार. जिसको दायाँ-बायाँ नहीं मालूम, उससे मैं गाड़ियाँ चेक करवा रहा था. मेरी ही ग़लती."

आगटेंनाही हसू आलं. फुल्या खरंच उजव्या दारावर होत्या. म्हणजे पोरगा चोर नसेल, पण धांदरट नक्कीच होता. बंपरचा ओरखडा आणि काचेचा टवका काल गाडीवर होते का, हे त्यांनी आठवून पाहिलं. टवका दिसला नव्हता. पण संध्याकाळ झाली होती, आणि काच काही त्यांनी निरखून पाहिली नव्हती.

"दुसरी तपासणी झाल्यावर गाडी इथे किती दिवस होती?"

"तीन दिन. दशहरे का मुहूर्त चाहिए था उनको."

"आणि त्या तीन दिवसांत चावी कुणाकडे होती?"

जहूरांचं हसू हळूहळू मावळलं. त्यांनी एक मोबाइल उचलला, उगाच उलटासुलटा केला आणि परत ठेवला.

"चाबी मेरे पास थी," ते म्हणाले. "मेरे ड्रॉअर में. सिर्फ़ मेरे पास."

४

खैरुद्दीन यांचं वर्कशॉप शेजारच्या उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात होतं. शारजाच्या अर्ध्या जपानी गाड्यांची स्टिअरिंगं इथे उजवीकडून डावीकडे येत. आत चार गाड्यांची पोटं उघडून ठेवली होती, आणि खैरुद्दीन एका उलट्या डब्यावर बसून पोरांना हुकूम सोडत होते. पांढरी दाढी, बारीक डोळे, आणि बोलण्यात जहूरांच्या लोण्याचा मागमूस नाही.

"इंजन मैंने बदला, ये बोलने आए हो?" त्यांनी विचारलं.

"विचारायला आलोय. तुमच्याकडे गाडी पाच दिवस होती."

"पाँच दिन में मैं स्टिअरिंग करता हूँ, पैडल करता हूँ, डैशबोर्ड करता हूँ. इंजन बदलूँ तो सोऊँ कब?"

"आणि नंबरापाशी वेल्डिंग आहे."

"हर गाड़ी में है. पत्रा काटे बिना पैडल इधर कैसे आएगा? जिस दिन बिना वेल्डिंग की गाड़ी देखो, उस दिन शक करना."

"दारं? सीटा?"

"दरवाज़े को मैं हाथ नहीं लगाता. जापान से जैसा आया, वैसा ही जाता है. उसके मुझे पैसे कौन देगा?" खैरुद्दीन यांनी दाढी खाजवली. "और वो लड़का, विष्णू. काम लेने आता है तो एक-एक बोल्ट को हाथ लगाता है. मुझे ज़रा पसंद नहीं. मगर साहब, जो चोर होता है वो इतना टाइम नहीं लगाता."

म्हातारा खरं बोलतोय की पोराशी संगनमत आहे? आगटेंना ठरवता येईना. निघताना त्यांना दाराशी त्याच मॉडेलची एक राखाडी गाडी दिसली. कालच जहाजावरून आलेली, अजून हात न लागलेली. इंजिनचा मूळ पत्रा कसा असतो तो पाहावा, म्हणून बॉनेट उघडायला ते तरातरा गेले, दार उघडून आत बसले आणि हात पुढे केले.

समोर स्टिअरिंगच नव्हतं.

वर्कशॉपमधली पोरं खो-खो हसली. एक जण म्हणाला, "साहब, ड्राइवर की सीट उधर." पंचवीस वर्षांची सवय. हात आपोआप डाव्या दाराकडे जातो. आगटे ओशाळून उतरले, वळसा घालून उजवीकडे गेले आणि ते दार उघडलं. लांब, जड दार त्यांच्या हातात बोटभर खाली आलं.

ते तसेच दार धरून उभे राहिले. मग त्यांनी ते लावलं, उचलून. परत डावं उघडून पाहिलं. ते कोऱ्या दारासारखं घट्ट होतं.

"अरे साहब, क्या हुआ?" खैरुद्दीन यांनी विचारलं.

आगटे रांगेतल्या पुढच्या गाडीकडे गेले, मग तिच्या पुढच्या. एकामागून एक त्यांनी सगळी दारं उघडून पाहिली, आणि शेवटचं दार लावून निरोप न घेताच निघाले.

५

परतीच्या रस्त्यावर एका कॅफेटेरियापुढे त्यांनी गाडी थांबवली आणि कडक चहा मागवला. आता जे सुचलं होतं ते नीट लावून पाहायला हवं होतं.

दोन दारांच्या गाडीचं दार लांब असतं, वजनाला भारी असतं. जे दार रोज दहा वेळा उघडतं, त्याची बिजागरी सैल होते. रोज उघडतं ते ड्रायव्हरचं. जपानमध्ये ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणून तिथून आलेल्या प्रत्येक गाडीचं उजवं दार बसलेलं असतं. खैरुद्दीन स्टिअरिंग हलवतात, दारं तशीच राहतात. विष्णूने उजव्या दारावर फुली मारली, कारण उजवंच दार बसलेलं होतं. इथे कुठलं दार बसायला हवं याचा विचार तो करत बसला नव्हता. हाताला लागलं ते त्याने लिहिलं होतं.

आणि मोडकांच्या पार्किंगमधल्या गाडीचं डावं दार बसलेलं होतं.

दोन आठवड्यांत दार असं बसत नाही. त्याला वर्षं लागतात. म्हणजे ती गाडी गेली कित्येक वर्षं डावीकडे स्टिअरिंग ठेवून इथेच, याच वाळूत पळत होती. तिचं इंजिन कुणी बदललं नव्हतं. गाडीच बदलली होती. तशीच पांढरी, त्याच मॉडेलची, जुनी. खऱ्या गाडीच्या नंबराचा पत्रा कापून तिच्यावर डकवला होता, मीटर हलवला होता, आणि वेल्डिंग पाहून कुणालाच काही वाटलं नव्हतं, कारण इथे सगळ्याच गाड्यांना वेल्डिंग असतं. बसलेलं डावं दार पाहूनही कुणाला काही वाटलं नाही, कारण इथे सगळ्यांच्याच गाड्यांचं तेच दार बसलेलं असतं. जहूरना नाही, मोडकांना नाही, आणि शहाण्या सर्व्हेयरसाहेबांनाही नाही. आगटेंना स्वतःची मनापासून लाज वाटली. सहा महिन्यांपूर्वी आलेल्या एका पोराने बरोबर लिहिलं होतं आणि पंचवीस वर्षं मुरलेली माणसं त्याला हसली होती.

चहा निवला. पुढची पायरी उरली होती. गाडी बदलली कधी?

जहाजावरून उतरली तेव्हा उजवं दार. खैरुद्दीनकडून परत आली तेव्हाही उजवं दार. म्हणजे वर्कशॉपमधून खरी गाडी परत आली, आणि म्हातारा सुटला. विष्णूनेच गाडी बदलली असती, तर फुली डाव्या दारावर मारून कागद जुळवून घेतला असता. स्वतःला अडकवणारा कागद कोण जपून ठेवतो? राहिले जहूर. तीन दिवस, आणि चावी एकट्याच्या ड्रॉअरमध्ये. जहूर असते तर आगटेंना किती बरं वाटलं असतं.

पण जहूरांचं यार्ड सोडून अजून एक जागा होती, जिथे ती गाडी आठ दिवस होती. त्या जागेचं नाव आगटेंना मनातसुद्धा घ्यावंसं वाटेना. त्या मुलाच्या बारशाला पाळणा त्यांनी स्वतः दुकानातून उचलून आणला होता.

दोघांपैकी कोण, हे एकाच प्रश्नाने ठरणार होतं, आणि त्याचं उत्तर एकाच माणसाकडे होतं. आगटेंनी चहाचे पैसे टेबलावर ठेवले आणि अल मजाजचा रस्ता धरला.

६

"ये ये," मोडक म्हणाले. "झाला रिपोर्ट?"

वेदांग सोफ्यावर पाय पसरून बसला होता. उर्मिलावहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या. आगटे बसले नाहीत.

"वहिनी, मला एक सांगा. दसऱ्याला पूजा झाली. मग तुम्ही गाडीत बसून घरी आलात?"

"हो तर. मी पुढे, वेदांगशेजारी. हे आपल्या गाडीने मागून आले."

"शेजारी म्हणजे उजवीकडे."

"हो, उजवीकडेच की. का हो?"

"दाराचं काही आठवतं?"

वेदांगने पाय खाली घेतले. "अंकल, व्हॉट काइंड ऑफ क्वेश्चन इज दॅट? आईला गाड्यांमधलं काही कळत नाही. शी वोन्ट रिमेंबर."

"न आठवायला काय झालं?" उर्मिलावहिनी हसल्या. "नारायणपेठीचं वाटोळं झालं माझ्या. दार लागेचना. दोनदा आपटलं, आणि दुसऱ्यांदा पदरच अडकला त्यात. मग हाच म्हणाला, आई, उचलून लाव. उचलल्यावर लागलं. पदराला ग्रीसचा डाग पडलाय, फाटलाय पण. दाखवू का?"

त्या आत जाऊन साडी घेऊनही आल्या. पदराच्या काठापाशी काळा डाग होता आणि बोटभर चीर. आगटेंनी तो पदर हातात घेतला. ही साडी त्यांना आयुष्यात पाहायची नव्हती.

"काल पार्किंगमध्ये तुमच्या गाडीचं उजवं दार मी उघडलंच नाही," ते म्हणाले. "ती माझी चूक. आत्ता येताना खाली उघडून पाहिलं. ते एका बोटाने लागतं, वहिनी. घट्ट आहे. बसलंय ते डावं."

त्यांनी यार्डवरून आणलेले दोन्ही कागद टेबलावर मांडले आणि जे कॅफेटेरियात लावलं होतं ते सांगितलं, सावकाश, एकही पायरी न गाळता. मोडक मध्येच म्हणाले, "म्हणजे जहूरने..." आणि थांबले, कारण उर्मिलावहिनी मुलाकडे पाहत होत्या. त्यांना नवऱ्याच्या आधी कळलं होतं.

"मी बसले ती गाडी कुठाय, वेदांग?"

वेदांगने मान खाली घातली. मग म्हणाला, "फुजैरा."

"नीट सांग."

"दसऱ्यानंतरच्या थर्सडेला. डोंगरातला रोड. आम्ही रेस लावली होती. आय लॉस्ट इट ऑन अ बेंड. कुणाला लागलं नाही, आय स्वेअर. पण पुढचं सगळं गेलं. पोलिसांचा पेपर नसेल तर एकही गॅरेज रिपेअर करत नाही. अँड आय कुडन्ट टेल डॅड. ही हॅड नेव्हर बॉट एनीथिंग लाइक दॅट." फ्रेंडच्या भावाकडे सेम मॉडेल जुनं पडून होतं, वेल्डिंगही त्यानेच केलं, हे त्याने पुढे तुटक तुटक सांगितलं. कंपनीने पैसे परत दिले की कुणाचं काही जाणार नव्हतं, असा त्याचा हिशेब होता. चेकर त्याच्या डोक्यातही आला नव्हता.

मोडकांनी उठून बाल्कनीचं दार लावून घेतलं. परत आले तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता.

"शैलेंद्र, रिपोर्ट लिहिला नाहीस ना अजून?"

"नाही."

"मग मी कंप्लेंट मागे घेतो. झालं. त्या पोराला मी इंडियात नोकरी बघून देतो. माझ्या ओळखी आहेत."

"त्याचं परवा चोर म्हणून विमान आहे," आगटे म्हणाले. "त्याचे वडील त्याचा फोन घेत नाहीत."

"चेसिस नंबर कापलाय, अरे! पोलीस केस आहे ती. ह्याला डिपोर्ट करतील."

"डिपोर्ट टू व्हेअर?" वेदांग म्हणाला. "आय वॉज बॉर्न हिअर."

रिपोर्ट लिहायचं पेन आगटेंच्या खिशात होतं, आणि ते काढायचा धीर त्यांना होईना.

उर्मिलावहिनींनी साडीची घडी घातली. "म्हणजे विष्णूला परत जायला गाव आहे, म्हणून त्याला पाठवायचं का?" त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी मी त्याच्याकडे जाणार आहे. तू येतोस, की मी एकटीने सांगू?"

७

शुक्रवारी सकाळी विष्णूच्या बिल्डिंगखालच्या फुटपाथवर कार्डफोनसाठी रांग होती. सुट्टीचा दिवस, भारतात फोन लावायचे दर कमी, म्हणून निम्मं शारजा अशा रांगांत उभं असे. मोडक आले नव्हते. जहूर आले होते, आगटेंनी बोलावल्यावरून, आणि कंपनीने ठेवून घेतलेला विष्णूचा पासपोर्ट त्यांच्या वरच्या खिशात होता.

वेदांगने वर, दोरीने बांधलेल्या बॅगेशेजारी उभं राहून विष्णूला सगळं सांगितलं होतं. विष्णू चिडला नाही. त्यानेच आगटेंना विचारलं, "म्हणजे उजवंच होतं ना, साहेब?"

"उजवंच होतं."

"मलाच वाटायला लागलं होतं, माझंच चुकलं म्हणून. रोज रात्री आठवत होतो, हात कुठल्या बाजूला लागला. परवापास्नं तर आठवेनासंच झालं होतं."

खाली आल्यावर जहूर वेदांगला म्हणाले, "बेटा, नंबर वाला मामला मैं छुपा नहीं सकता. कल सुबह पुलिस के पास चलना पड़ेगा. मैं साथ आऊँगा." वेदांग म्हणाला, "आय नो." मग जहूरनी खिशातला पासपोर्ट काढला, "वीज़ा कैंसल नहीं होगा" म्हणाले आणि तो विष्णूच्या हातात ठेवला.

रांग पुढे सरकली. उर्मिलावहिनींनी विष्णूला त्याच्या गावच्या किराणा दुकानाचा नंबर विचारला, स्वतः लावला आणि सुतारआबांना बोलवा म्हणून सांगितलं. मग त्यांनी रिसीव्हर वेदांगपुढे धरला.

"आई, आय कान्ट. व्हॉट डू आय ईव्हन से? विष्णूच सांगेल ना."

"त्याचं ते ऐकत नाहीत. तू बोल. आणि मराठीत बोल."

दुकानापर्यंत आलेल्या आबांनी पलीकडून "हॅलो, कोण?" विचारलं. मागच्या रांगेतले लोक ऐकत होते. वेदांगने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"काका, मी... मी वेदांग. शारजाहून. ती गाडी माझी आहे. विष्णूने काही केलं नाही. त्याने सगळं बरोबर लिहिलं होतं. मी... मी खोटं बोललो. चोरी मी केली."

म्हाताऱ्याने शांतपणे विचारलं, "तुझ्याजवळ कोण मोठं माणूस हाय का, पोरा?"

"आई आहे."

"बरं. मग दे आता आमच्या इष्णूला."

विष्णूने फोन घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. "आबा," एवढंच तो म्हणाला. पलीकडचा माणूस मात्र बोलत होता, थांबतच नव्हता. उर्मिलावहिनींनी फोनच्या पडद्यावर कार्डाची किती मिनिटं उरली ते पाहिलं, पर्समधून दहाची नोट काढली आणि वेदांगला समोरच्या दुकानातून दुसरं कार्ड आणायला पाठवलं.